जाकिटाच्या बाह्या

शिवू लेका,

मी सकाळच्या एसटीनं गावाकडं ज्वारी काढायला चाललीय. फोन बंद ठेवनार हाय, उगं लावत बसू नको. भाकरी आनि शेंगाची चटनी डब्यात हाय.

गेल्या वर्षी ज्वारीचं धसकट घोट्यात घुसलं, शुगरमुळं जखम दोन महिने चिघळली, म्हनून तू माझं रान बंद केलंस. वर्षभर ह्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघितले. आता बास.

पायाचं कारन सांगू नको. तुझ्या चामड्याच्या जाकिटाच्या दोनी बाह्या कापून पायांत चढवल्यात, घोट्यापाशी आनि गुडघ्याखाली नाडीनं आवळल्यात. कात्रीचं टोक टोचून बघितलं, आत जात न्हाय. ओरडू नको. सोलापूरच्या उन्हात ते जाकीट तू फोटोपुरतंच घातलं होतंस की.

मला परत न्यायला येनार असशील तर येऊच नको. ज्वारी काढायला येनार असशील, तर जाकिटाच्या पाठीच्या चामड्यातनं तुझ्या मापाची जोडी शिवलीय. चपलांच्या कपाटावर हाय.

तुझी अव्वा