महाराष्ट्र तेवढा राहिला

आयझॉल, मिझोराम
१८ नोव्हेंबर २०२४

ती. भानुताईस,
अनंताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला चारचौघांत ओरडवत नाही, म्हणून लिहितो. सूनबाई सावनी याचा फोटो काढून आपल्या खालच्या मजल्यावरच्या मंजुषाला पाठवेल, ती तुला छापून देईल. सूनबाईंची माझ्या अक्षराला नावं ठेवून झाली आहेत, तू पुन्हा ठेवू नकोस.

देशातली सगळी राज्यं एका गाडीतून पाहायची ही कल्पना चिरंजीव विश्वजितची, गाडी त्याची, पेट्रोलही त्याचंच. छळ तेवढा तुझा. कुणाच्या तरी घरी पानावर बसून जेवल्याशिवाय ते राज्य झालं म्हणायचं नाही, हॉटेल-धाबा धरणार नाही, ही तुझी अट. आई असंच म्हणायची हे मान्य, पण आई पैठणच्या पुढं कधी गेली नव्हती. मला केरळात एका फाटकापाशी चक्कर आल्याचं सोंग करावं लागलं. त्या घरच्या बाई नर्स निघाल्या. त्यांनी आधी रक्तदाब पाहिला, मीठ बंद करायला सांगितलं आणि मग तसलंच अळणी जेवायला वाढलं.

इथं गाडी बिघडली, तर मेकॅनिकच्या आईनं संध्याकाळी पाचलाच पानावर बसवलं. उकडलेला पाला आणि भात. ओवीनं दोनदा मागून घेतला. घरी हीच नात मेथी पाहून तोंड फिरवते.

आता उत्तरेकडची राज्यं आणि मग परतीची वाट. महाराष्ट्राची काळजी नाही, तो आपल्या घरून जेवून निघालो तेव्हाच झाला.

लोभ आहेच, फक्त अटी घालताना तो जरा सैल सोडावा.

तुझा,
अनंत


छत्रपती संभाजीनगर
२१ नोव्हेंबर २०२४

चि. अनंतास,
भानुताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. चक्कर आल्याचं सोंग तुला जमलं असेल याची खात्री आहे, शाळेत असताना तू दर सोमवारी तेच करायचास. ओवीसाठी शहागंजातून लोकरीची टोपी आणली. ती तिच्या डोक्यावर चढेपर्यंत उन्हाळा लागेल. तिची शाळा बुडते आहे, पण पाला खायला शिकली म्हणजे वर्ष अगदीच वाया गेलं नाही.

आता कामाचं. महाराष्ट्र झाला हे तुला कुणी सांगितलं? स्वतःच्या घरी जेवण्याला प्रवास म्हणत नाहीत. हेडक्लार्क असताना तू असल्याच नोंदी करत होतास का? महाराष्ट्र राहिला आहे. आणि घर मी ठरवते. कन्नडला, नानाचं.

तोंड वाकडं करू नकोस. विश्वजितच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला नाना भाजीची पोती जीपमध्ये घालून आला, सकाळपासून राबला आणि दुपारी पहिल्या पंगतीत बसला. व्याह्यांकडची माणसं जास्त झाली, तेव्हा तू सख्ख्या धाकट्या भावाला वाढलेल्या पानावरून उठवलंस. म्हणालास, तू घरचाच, मागून बस. तो मागून बसला नाही, तसाच उपाशी कन्नडला गेला. तेव्हापासून त्याच्याकडं तुझं पाणी नाही आणि तुझ्याकडं त्याचं. ओवी सहा वर्षांची झाली, तिनं चुलत आजोबांचं घर पाहिलेलं नाही आणि मिझोराममधलं स्वयंपाकघर पाहून झालं.

मला शहात्तरावं लागलं. तुम्ही दोघं एका घरात जेवलात हे मला जिवंतपणी कळायला हवं. माझ्या तेराव्याला तुम्ही मांडीला मांडी लावून बसाल हे मला ठाऊक आहे, पण त्या वाढपाचा मला काय उपयोग?

थंडीत कानटोपी घाल. माझी माया तशी शाबूत आहे, तिचा अंत पाहू नकोस.

तुझी,
भानुताई


सुरत
२२ डिसेंबर २०२४

ती. भानुताईस,
शि. सा. नमस्कार.

गुजरातही झालं. इथल्या यजमानांनी वरणात इतका गूळ घातला होता की विश्वजितनं ते खीर समजून शेवटी खायला ठेवलं. पंजाबात तर अट पाळायला काहीच करावं लागलं नाही, तिथून बाहेर पडायलाच सोंग करावं लागलं.

आता तुझ्या हुकमाबद्दल. विश्वजित म्हणतो धुळ्यावरून यावं. पण त्या वाटेवर कन्नड लागतं, घाट लागतो आणि माझी कंबर लागते. मी नाशिककडून वळून यायचं ठरवलं आहे. लासूर स्टेशनला माझ्या हापिसातला रामकिसन राहतो, त्याच्याकडं जेवू. लासूर महाराष्ट्रातच आहे, नकाशा पाहून घे. सावनी कालपासून माझ्याशी मोजकंच बोलते आहे. ज्यांच्यासाठी नानाला उठवलं ते तिच्याच माहेरचे, म्हणून तिला उगीच अपराधी वाटतं. चार पानं आणखी मांडायला जागा नव्हती, यात तिचा काय दोष?

खरं सांगू का ताई, एवढ्या परक्या घरांची दारं वाजवली, कुठंच काही वाटलं नाही. कन्नडच्या दाराची मात्र भीती वाटते. त्यानं ओवीसमोर मला दारातून परत पाठवलं तर मी काय करू? परक्यानं हाकललं तर माणूस पुढच्या घरी जातो. इथं पुढचं घर नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लोभाची शिल्लक राहू दे.

तुझा,
अनंत


छत्रपती संभाजीनगर
२३ डिसेंबर २०२४

चि. अनंतास,
आशीर्वाद.

रामकिसनकडं खुशाल जेव. त्याची बायको शेवभाजी चांगली करते. महाराष्ट्र झाल्याचं मग त्याच्याकडूनच लिहून घे, माझ्याकडून मिळणार नाही.

एवढंच विचारते. नाना घरचाच म्हणून तू त्याला उठवलंस ना? मग घरच्याच्या घरी जायला नाशिकचा वळसा कशाला?

मंजुषाला आणखी टंकायला लावत नाही. लोभाचं काय करायचं ते तू आलास की पाहू.

भानुताई


कन्नड
२८ डिसेंबर २०२४

ती. भानुताईस,
नानाचा साष्टांग नमस्कार.

तू मला काही कळवलं नाहीस, पण यामागं तूच असणार. परवा दुपारी दारात गाडी थांबली. मूळचा रंग कोणता ते कळू नये इतकी मळलेली. विश्वजित उतरला, सूनबाई पाया पडली, ती चिमुरडी सरळ आत गेली. अनंता मात्र पुढच्या सीटवर पट्टा लावून बसून राहिला. मी ओट्यावर. तो समोरच्या काचेतून बाभळीकडं पाहत होता आणि मी त्याच्या चाकाकडं. मी बोलावल्याशिवाय तो उतरणार नाय हे मला ठाऊक, आणि मी बोलावणार नाय हे त्याला.

आमच्या कारभारणीनं, लक्ष्मीबाईनं, पोरांची जेवणं उरकली. मग ती ओट्यावर आली आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, की भाकरीचं पीठ संपत आलंय आन ती कुणासाठी परत दळण आणणार नाय. तिच्या तोंडाला लागायची छाती आपल्या खानदानात कुणाची नाय. अनंता उतरला. मी पाय धुवायला पाणी दिलं.

आत दोनच पानं मांडली होती. मी बसलो. तो बसेना. लक्ष्मीबाईच्या हातातलं भांडं त्यानं काढून घेतलं आणि म्हणाला, "नाना, तू बस. मी वाढतो." माझ्याच घरात मला वाढायला लागला. सगळी राज्यं जेवून आला, पण वाढायचं कुठं शिकला नाय. अर्धं वरण माझ्या धोतरावर. मी पोटभर जेवलो, दोनदा मागून घेतलं, मुद्दाम सावकाश. तोवर तो भांडं घेऊन उभा होता. गुडघे दुखतात त्याचे, मला दिसत होतं, तरी मी भात परत मागितला. डोळ्यांत पाणी त्याच्या आलं. सूनबाई म्हणते माझ्याही आलं, पण ठेचा लई तिखट होता.

मग तो बसला आणि मी वाढलं. तुझी अट सूनबाईनं सांगितली, तुझा महाराष्ट्र यात बसतो का नाय ते तुझं तू बघ.

जाताना गाडीपाशी त्यानं विचारलं, झालं गेलं सोडलंस का. मी म्हणालो, बघू, पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी ये, तेव्हा सांगतो. लक्ष्मीबाई मला रागावली, एवढं ताणू नये म्हणाली. तिला काय कळतंय? सोडलं असं मी परवाच सांगून टाकलं असतं, तर तो परत कशाला आला असता?

गुडघ्यांना तेल लाव. तुझा लोभ आम्हा दोघांत निम्मा-निम्मा वाटावा, मोठा म्हणून त्याला जास्त देऊ नये.

तुझा,
नाना