सासूबाईंची मुकादम

३ नोव्हें. १९७६, बुध.
शेठनी आज मला कारखान्यात कांडी खात्याची, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत भरणाऱ्या बायांची, मुकादम केलं. हाताखाली सात बाया. मी सातवी पास, हजेरी लिहिता येते म्हणून! शेठ म्हणाले, "एक महिना देखता हूँ. कांडी कम पडी, लूम रुका, तो फिर तुम भी बैठके कांडी भरो." सातांत एक आमच्या सासूबाई. घरी त्यांचा हुकूम, कारखान्यात माझा. ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले. हसा!

४ नोव्हें.
सासूबाई मशेरी लावत बसल्या, अर्धा तास उशिरा. बोलायची छाती झाली नाही. त्यांच्या वाटच्या कांड्या मीच भरल्या, गुपचूप. कुणाला कळलं नसावं.

८ नोव्हें.
कळलं होतं. आज आणखी तिघी उशिरा. त्यांतली रखमा म्हणते, "आमच्या बी भर की! आमी काय सावत्र हाव?" दुपारी कांड्या कमी पडल्या, दोन लूम थांबले. शेठ नुसते बघून गेले. रडूच आलं. माझाच शहाणपणा नडला.

९ नोव्हें.
सासूबाईंना सगळ्यांसमोर बोलले.
"आत्याबाई, उद्यापासून वेळेवर यायचं. सगळ्यांसारखं."
"माझी केसं हितं पिकली हायत, आन् तू मना सांगतंस?"
"हो, सांगते."
हे तोंडातून कसं निघालं देव जाणे. घरी अबोला. माझ्या हातची भाकरी मात्र रोजच्यापेक्षा एक जास्त खाल्ली.

१० नोव्हें.
सासूबाई माझ्याआधी हजर! वर मलाच धडा, "दारातून वरडू नको. येकेकीजवळ जा, तिचं सूत बघ, मंग बोल." गेले. खरंच, खडखडाटात माझं ओरडणं कुणाला ऐकूच जात नव्हतं. आणि तुटकं सूत दर वेळी रखमाच्याच वाट्याला. मग ती चिडणार नाही तर काय? उद्यापासून ते सूत सगळ्यांना पाळीपाळीने.

१ डिसें.
त्या दिवसानंतर लूम एकदाही थांबला नाही. रखमा आता वेळेच्या आधी येते आणि माझ्या नकला करते. करू दे, छान करते.
उद्या महिना भरतो. शेठ म्हणाले, "सबसे पुरानी बाई से पूछूँगा, तुमको रखना कि नहीं." सगळ्यात जुन्या म्हणजे आमच्या आत्याबाई! मुकादमी मला हवी आहे. फार हवी आहे.
संध्याकाळी टेमघरला घरी परतताना आत्याबाईंना विचारलंच, "काय सांगाल?"
"कामावरचं वाटंत इचारायचं न्हाय. मुकादम हायस ना?"
आणि भराभर पुढे चालू लागल्या. खांदे हलत होते. हसत होत्या की काय, पाठमोऱ्या असल्यामुळे कळलं नाही.