बाबूसिंगचा वाटा

प्रिय विकास,

'प्रिय' हा शब्द दिपानं तिच्या मनानं घातलाय. पत्र असंच सुरू होतं म्हणे. राहू दे, पण तू त्यावर फार विसंबू नकोस. मी आपल्या बोलीत सांगून राहिले, तुझी बहीण मराठीत उतरवून राहिली, आणि शिवी आली की पोरगी खोकते आणि पेन थांबवते. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझ्याकडची रेंज जाते. तांड्यात रेंज न्हाई हे मला ठाऊक होतं. दादी रागात असली की तू हिंडतोस त्या इफिसातली पण जाते, हे तुझ्यामुळं कळलं. कागद मधेच कट करता येत न्हाई. आणि अंगठेबहाद्दर बाईचं पत्र म्हणून हसू नकोस. तुझा दादा, माझा नवरा बाबूसिंग, सांगायचा, बायबलातला पौलसुद्धा पत्रं नुसती बोलायचा, लिहायचं दुसरंच कुणी.

तुझे फोटो पोचले. पडक्या खांबापुढं तू, पडक्या पायऱ्यांवर तू, पडक्या भिंतीला हात लावून डोळे मिटलेला तू. नाक पार करपलंय, टोपी घालत जा. ती परदेशातली संस्था बायबल शिकवणाऱ्यांना खर्च देऊन पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या जागा दाखवते, आणि त्यात तुझी निवड झाली, हे कळलं तेव्हा तुझ्या आईचे पाय जमिनीला लागत नव्हते. मी पण गूळ वाटला. पुण्यात पोरांना ज्या गावांची नावं घेऊन शिकवतोस, ती गावं डोळ्यांनी बघावीत, त्यात वाईट काय? पण निवड कशाच्या जोरावर झाली ते तेव्हा मला कुणी सांगितलं न्हाई. ते नायकाच्या सेवानं सांगितलं.

सेवाला ओळखतोस तू, तांड्याचा कारभार बघणाऱ्या हरसिंग नायकाचा नातू, हिंगोलीला कॉलेजात जातो. संस्थेनं म्हणे प्रत्येक मास्तराला विचारलं होतं की तुझ्या घरात येशू कसा आला, ते सांगून व्हिडिओ पाठव. तू पाठवलास, त्यांनी तो सगळ्या जगाला दाखवला, आणि तू मोठ्या हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकलास. तिथून तो सेवाच्या फोनवर गेला. नायकाच्या ओट्यावर तांडा जमला होता, मी पण होते. तू इंग्रजीत बोलत होतास, मागं कुणीतरी सारंगी रडवत होतं, आणि सेवा एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगत होता. बाबूसिंगानं येशूला मानलं म्हणून तांड्यानं त्याला मारलं. त्याचं पाणी तोडलं. त्याला वाळीत टाकलं. सख्ख्या बायकोनं तोंडावर दार लावलं आणि तो बिचारा गुरांत निजला. तिथं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, विकास. मी तोंडावर पदर घेतला. लोकांना वाटलं रडते. मी तुला शोधत होते, पदरातल्या पदरात, झोडपायला.

दार लावलं होतं, व्हय. काहून लावलं ते मला विचारायची तकलीफ घेतली असतीस तर सांगितलं असतं. तुझ्या आत्याला बघायला पाहुणे आले होते. मी चूल फुंकून राहिले, पाहुणे घोट घोट चहा पिऊन राहिले, आणि पोरीचा बाप घरात न्हाई. तो पाद्रीबाबाबरोबर कयाधू नदीत बाप्तिस्म्याची बुडी मारायला गेलेला, मला न सांगता. पाहुणे उठून गेले आणि हा ओल्या धोतरानं, हसऱ्या तोंडानं दारात हजर. मग लावलं दार. येशूसाठी न्हाई, पाहुण्यांसाठी लावलं. गुरांजवळ जाऊन तो शिंकला, तशी मीच उघडलं. ती शिंक तुझ्या व्हिडिओत काहून न्हाई?

तांडा म्हणजे काही देवळातली समई न्हाई, टोमणे मारले लोकांनी. कुणी त्याला 'पाद्री' म्हणून हाका मारल्या, एका चुलत दिरानं बोलणं टाकलं. ते सांगितलं असतंस तर मी मान हलवली असती. पण हात कुणी उचलला न्हाई आणि पाण्यावरून कुणी उठवलं न्हाई. उलट हरसिंग तेव्हा नवा नायक झालेला, त्यानं काय केलं ते ऐक. देवीपुढं बकरा कापला की प्रत्येक घराला वाटा जातो, वाटा जातो ते घर तांड्याचं. आता देवाला दाखवलेलं मटण तुझा दादा खाणार न्हाई, आणि वाटा न गेला तर आपलं घर बाहेर पडणार. हरसिंगनं तोड काढली. बकरा कापायचा, आणि देवीपुढं दिवा लावायच्या आधी पहिला वाटा आपल्या घरी धाडायचा. देवीला दाखवलाच न्हाई, मग खायला हरकत काय? त्याला तांड्यात नावच पडलं, बाबूसिंगचा वाटा. दादा गेला तरी तो वाटा येत राहिला, नायकाची सून झाकलेली परात घेऊन स्वतः यायची. तूच करिंथहून सांगितलंस ना, की तिथला जुना मटणबाजार बघितला, मूर्तीला वाहिलेलं खावं का न खावं यावर तिथल्या मंडळीत भांडणं लागली म्हणून पौलाला पत्र लिहावं लागलं? आमचा हरसिंग तिथं असता तर पौलाची शाई वाचली असती. त्या वाट्याचं हाड चोखत तू लहानाचा मोठा झालास, आणि करिंथात उभा राहून तुला ते आठवलं न्हाई.

आणि वर तुझा निरोप, की परत येताना त्या संस्थेचे पाहुणे तांडा बघायला आणणार, म्हणून जुनं दार मोडू नका. दार कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय. येऊ दे पाहुण्यांना, कोंबडी त्यांना साक्ष देईल.

दिपा म्हणते, आता पुरे, दादी. पुरे न्हाई. ज्याच्यासाठी हिला लिहायला बसवलं ते अजून सांगितलंच न्हाई. होळीनंतर देवीचा बकरा झाला. मी दरसालासारखा सकाळीच मसाला वाटला आणि दारात बसले. बकऱ्याचा आवाज आला. मग बाया देवीचं गाणं म्हणू लागल्या, म्हणजे दिवा लागला. परात आली न्हाई. समोरच्या घरात गेली, शेजारी गेली, आपलं दार सोडून पुढं गेली. संध्याकाळी मी हरसिंगकडं गेले. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, भाभी, आमी तुमाला वाळीत टाकलं असं शिकलेल्या लेकरानं साऱ्या जगाला सांगितलं. आता त्याला खोटं कसं पाडावं? तुझ्या दादाला जे कधी झालं न्हाई ते तू सांगितलंस, आणि ते आता मला झालंय. म्हणून परतलास की पुण्याला जाऊ नकोस. पाहुणे नकोत, फोन नको. आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावला जीपमधून उतर, घरी न येता आधी नायकाच्या ओट्यावर जा, आणि सगळ्यांसमोर, आपल्या बोलीत, खोटं बोललो म्हण. इंग्रजीत पुन्हा तसंच म्हणून त्या संस्थेला पाठव, सारंगीशिवाय. आखाडात सीतळा देवीचा बकरा आहे. त्या दिवशी मी मसाला वाटायचा का न्हाई, तेवढं कळव.

तुझीच, दार उघडं ठेवून बसलेली,
दादी रूपाबाई
(अंगठा खाली आहे. शाईचा न्हाई, हळदीचा.)