सभासद क्रमांक एक्केचाळीस

२ नोव्हेंबर १९९८
कॉलेज सोडून महिना झाला. अकाउंट्सच्या सरांशी वाजलं, वर्गातून उठून आलो. माफी मागितली तर परत घेतील म्हणे. मागणार नाही. नुकसान कॉलेजचं.
संकल्प: पाचला उठणे. रागावर कंट्रोल. गावासाठी काहीतरी मोठं करणे.
उठलो साडेसातला.

३ नोव्हेंबर, सकाळी
आईऐवजी डेअरीत दूध घालायला मी गेलो. आमच्या दूध सोसायटीत फॅट काढायला आता चिमाजी तात्यांची हर्षाली बसते. नाशिकला पाच दिवसांचं ट्रेनिंग करून आलीय. नळीत दूध, अ‍ॅसिड, मग मशीन हाताने गरागरा. नळी डोळ्यासमोर धरून म्हणाली, "एक्केचाळीस. सहा चार." एक्केचाळीस म्हणजे आबांचा सभासद नंबर.
पण म्हणताना बघितलं माझ्याकडे.
इथून पुढे दूध घालायला मीच.

१९ नोव्हेंबर
पॅटर्न सापडला. सोमवारी इस्त्रीचा शर्ट घातला: ६.८. मंगळवारी भिकन लाइनीत मध्ये घुसला, त्याची कॉलर धरली: ६.१. बुधवारी तिच्यासमोर भिकनला सॉरी म्हणालो: ६.६.
म्हैस तीच. पेंड तीच. मग बदलतं काय? सगळ्या गावासमोर मुलगी अजून कसं बोलणार?

६ डिसेंबर
सोसायटीची मीटिंग. आमच्या कॅनचा फॅट गावात ६.५ निघतो, नाशिकला दूध संघात पोचला की ६.१. भाव फॅटवर. लोक वैतागून खासगी गाडीला दूध घालतायत. चारशे लिटरचं दोनशे दहा झालं. असंच चाललं तर उन्हाळ्यात सोसायटीला कुलूप. म्हणजे हर्षालीच्या टेबलालाही.
चेअरमन मालनकाकू म्हणाल्या, संघाने गावात येऊन सभासदांसमोर फॅट काढावा, एवढी एकच मागणी घेऊन जायचं. पुरावा म्हणजे हर्षालीचं रोजचं रजिस्टर.
मी उठलो. म्हणालो, घोटीला हायवे अडवू, दूध रस्त्यावर ओतू. मालनकाकू म्हणाल्या, "गाड्या अडवून फॅट वाढतो का रं? आन् ओतायचं तर तुझं ओत. बस खाली." सगळे हसले. हर्षालीपण. पण ती वेगळं हसली.
निवेदन लिहायचं काम शेवटी माझ्याकडेच आलं. शिकलेला माणूस लागतोच.

२ जानेवारी १९९९
निवेदन तयार. चौदा पानं. सुरुवात फ्रेंच राज्यक्रांतीपासून. मालनकाकूंनी तेरा पानं परत दिली. म्हणाल्या, "गोरक्ष, सायबाला वाचायचंय, पाठ नाय करायचं. आकडे लिही."

१४ जानेवारी, संक्रांत
हर्षालीने तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली. आणि नंतर नळी बघून: "एक्केचाळीस. पाच नऊ."
तिळगूळ देऊन पाच नऊ! काय चुकलं माझं?
दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो.

२० जानेवारी
निवेदनात आकडे उतरवायला रजिस्टर एक दिवस माझ्याकडे. निळी शाई, ऑक्टोबरपासून एक खाडाखोड नाही. काय अक्षर!
१४ तारखेचं पान काढलं. बघवेना. त्या दिवशी रागात होती, आता तिलाही वाईट वाटत असणार. पण रजिस्टर तिच्या हातात नाही, माझ्या हातात आहे. पाचचा सात केला. ७.९. तिच्या वतीने.
छान दिसतंय.

८ फेब्रुवारी, नाशिक
संघाच्या ऑफिसात आम्ही सात जण. मालनकाकू पाच मिनिटं बोलल्या, आवाज न चढवता. साहेब मान डोलवत होते. मग रजिस्टर मागितलं. एकेक पान उलटत गेले. संक्रांतीवर थांबले. बोट ठेवून म्हणाले, "हे कोणी गिरवलं? म्हशीला तिळगूळ चारला होता का?"
हर्षालीने पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझा सात ओळखू येतो, मी मध्ये रेघ मारतो.
साहेब म्हणाले, एक आकडा बदलता येतो तर सगळेच येतात, हा पुरावा धरता येणार नाही. रजिस्टर परत केलं. शिपायाने चहा आणला होता, तो प्यालो.
एसटीत मालनकाकू आणि हर्षाली पुढे बसल्या, मी मागे. घोटीला उतरल्यावर मालनकाकूंनी रजिस्टर दाखवत विचारलं, "हे लिहायला किती दिस लागले व्हते?"
म्हणालो, चार महिने.
"मंग परत लिहू," म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी
काही नाही.

११ फेब्रुवारी
आई दूध घालायला जाते. आज सहज विचारलं, फॅट कमी-जास्त कशाने होतो गं? म्हणाली, शेवटच्या धारांत साय असते. घाई असली की त्या रेडकालाच सोडते. संक्रांतीला घाई होती, पोळ्या करायच्या होत्या.
सोमवारची इस्त्री, भिकनचं सॉरी, सगळं रेडकू पीत होतं.
तरी ६.८ जरा जास्तच वाटतो.

३ जून
झालं. मालनकाकूंनी शेजारच्या अकरा गावांत रजिस्टरं सुरू करून घेतली होती. बारा गावांची रजिस्टरं एकदम साहेबांच्या टेबलावर ठेवली. सोमवारपासून संघाचा माणूस गावात येणार, फॅट सभासदांसमोर. भिकनपण खासगी गाडी सोडून परत आला. पेढे वाटले. आईने एक आणला. ठेवलाय.

१९ जुलै
पाचशे दहा लिटर, आबा म्हणाले. हर्षाली आता गावोगाव जाऊन रजिस्टर कसं ठेवायचं ते शिकवते. मोपेड घेतलीय.
संकल्प: कॉलेजला माफीचा अर्ज.

२२ ऑगस्ट, घोटी
पेंड आणायला आलो होतो. इथल्या सोसायटीत भिंतीवर एक झेरॉक्स चिकटवलाय. १४ जानेवारीचं पान. ७.९ भोवती लाल गोल, खाली हर्षालीच्या अक्षरात: "असे करू नये." बाराही गावांत लावलाय म्हणे. नाव नाही. फक्त सभासद क्र. ४१.
म्हणजे माझं पान तिने जपून ठेवलं.
शेजारी एक म्हातारा वाचत उभा होता. म्हणाला, "कोण रं हे येडं?"
म्हणालो, माहीत नाय बाबा.
पेंड घेतली. अर्ज खिशातच होता, पोस्ट रविवारचं बंद.
आज फॅट ६.३.