कप्तानाचं जेवण

करडी, ता. मोहाडी
२ डिसेंबर २०२५

प्रिय सचिन,

तुह्या ताईचे आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. चुरणा-मळणी होऊन धान घरात आलं, आईचे गुडघे तेवढे कुरकुर करून राहिले. तू माहा फोन उचलत नाही, म्हणून तुह्या बोटीच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहून राहिली. फाडू नको, पुरं वाच.

बातमी ऐक. या महिन्याच्या शेवटी आमी गोव्याले येऊन राहिलो. हसू नको! आई-बाबाच्या लग्नाले चाळीस वर्षं झाले, तं आपल्या काकाच्या डिंपलनं टूम काढली का शिडाची बोट भाड्यानं घेऊ अन् तीन दिवस बोटीवरच राहू. डिंपल तुले माहीतच आहे, एकदा डोक्यात घेतलं का कोणाच्या बापाचं ऐकत नाही. ती अन् तिचा नवरा, मी अन् तुहे भाऊजी, अन् आई-बाबा. कॅटामरान म्हणतात म्हणे. तुलेच काय सांगू, तुहं तं पोटच त्याच्यावर. बाबाले सांगतलं, दोन डोंगे बाजूबाजूनं बांधल्यावानी असते, कलंडत नाही. तं म्हणे, "अन् वारा नाही आला तं का ढकलत न्याची?"

कंपनीनं आमाले कप्तान नेमका तूच दिला. योगायोग म्हणाचा.

बरं बाप्पा, योगायोग नाही. मीच तुह्या नावानं मागतला. तवापासून जीव थाऱ्यावर नाही. आमचे नावं पाहून तू दुसऱ्याले ड्यूटी देशील, हेच डोक्यात फिरून राहिलं. सकाळ-संध्याकाळ फोन पाहते, कप्तान बदलला का. काल भाजीत दोनदा मीठ टाकलं. भाऊजी म्हणतात, "रुचिता, बस ना एका जागी." कशी बसू? बाबाले कप्तान कोण ते सांगाचंच नाही, असं आमचं ठरलं होतं. धक्क्यावर एकदम समोरासमोर आले का दोघंही पळणार कुठं, असा माहा हिशेब.

तो हिशेब रविवारी फसला.

आंगणात बसून मी कंपनीचा मेसेज डिंपलले फोनवर वाचून दाखवत होती. जेवणाचं सामान आपणच न्याचं, अन् कप्तानाचं जेवणबी आपल्याकडेच. बाबा बाजूलेच खाटेवर पडून होते. उठून बसले.

"कप्तान आपलाच भात खाते?"

"हो," म्हटलं मी. तुले आठवते ना तो दिवस? तू बोटीचं शिकाले जातो म्हटलं, अन् बाबानं जेवताजेवता सुनावलं, "बोडी-तळ्याच्या पाण्यावर धान पिकवाचं असते, पाण्यावर फिराचं नसते. ज्याले वावर नको, त्याले या घरचा भातबी नको." तू भरल्या ताटावरून उठला. तसाच गेला, अन् घरी आलाच नाही. मले वाटलं, आता बाबा म्हणतीन, मी येत नाही.

बाबा खाटेवरून उतरले. आत गेले. आईनं सहा जणांचे नवे तांदूळ काढून ठेवले होते, त्या चुंगडीत ते ओंजळीनं टाकाले लागले. टाकतच राहिले. आई म्हणे, "अजी, एकच माणूस वाढला ना?"

तं म्हणतात, "त्याले भात जास्त लागते."

सचिन, आमच्यातल्या कोणीच तुहं नाव घेतलं नव्हतं. आई पदर तोंडाले लावून सयपाकघरात पळाली. मी तिथंच उभी राहून रडली, अन् बाबा माह्यावरच खेकसले, "रडाले का झालं, चुंगडीचं तोंड बांध!"

बांधलं मी. दाराजवळच ठेवली आहे. येता-जाता बाबा तिले हात लावून पाहतात, उंदीर तं नाही लागला म्हणून. या घरात उंदीर कवा होते रे?

आता सगळं तुह्या हातात आहे. ड्यूटी बदलू नको, हात जोडते. माफी मागू नको, बाबालेबी मागू देऊ नको, जमणार नाही दोघाइले. फक्त त्या दिवशी सकाळी कुठं काही खाऊ नको.

धक्क्यावर उपाशी येजो.

तुही,
रुचिताताई