वगळलेले शेवटचे रीळ

मी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, घर सांभाळणारी, सिनेमा थिएटरातील दिवंगत ऑपरेटरची पत्नी, देवाला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. भाग पाडणारा अजून जन्मायचा आहे.

१. पुढच्या दोन खोल्या व बँकेतली शिल्लक थोरलीला, म्हणजे माझ्या मुलीला. सगळे वहीत लिहिलेले आहे, शोधाशोध नको.

२. धाकट्याने, म्हणजे मुलाने, आणलेला फ्रिज खोक्यातच आहे. ज्या दुकानातून त्याच्या माणसांनी तो उचलला, तिथे परत द्यावा. मी दूध दोनदा तापवते, नासत नाही.

३. थिएटर बंद झाले तेव्हा मालकाने यांना जुने मशीन आणि एक रीळ दिले. दोन्ही धाकट्याला. कारण लिहिणे भाग आहे. गुंडाचा एक सिनेमा आमच्याकडे तेवीस आठवडे चालला. हमालाचा पोरगा शहराचा दादा होतो. मालक यांना म्हणाले, "पब्लिक रडत बाहेर पडलं तर पुन्हा तिकीट काढत नाही. शेवटचं रीळ लावू नका." तेव्हापासून नायक खुर्चीवर बसला की दिवे लागत. शिट्ट्यांनी छप्पर उडायचे. कॉलेज बुडवून धाकट्याने तो अकरा वेळा पाहिला. पुढे अजून एक रीळ आहे हे आम्ही दोघांनी त्याला सांगितले नाही, यांच्या नोकरीचा प्रश्न होता. ती चूक माझ्या नावावर असू द्यावी.

आज त्यालाच लोक दादा म्हणतात, बाजार त्याला घाबरतो. मी म्हटले, "अरे, पुढे सगळं जातं त्याचं."

तर हसला. "आई, मला नको शिकवूस. अख्खा सिनेमा पाठ आहे. तो खुर्चीवर बसतो, खेळ खलास!"

४. मागची खोली धाकट्याची, पण हे बारा मिनिटांचे शेवटचे रीळ त्याने तिथे बसून पूर्ण पाहिल्यावरच. मशीन थिएटरचे डोअरकीपरकाका चालवतील. त्याची माणसे बाहेर थांबतील, मोबाइल थोरलीकडे राहील. "वेळ नाही" म्हणाला तर रीळ जपून ठेवावे. खोलीत भाडेकरू घालू नये.

५. ते रीळ मी पाहिले आहे. नायकासोबत कोणी उरत नाही. तो अनवाणी आईच्या दाराशी येतो. आत दिवा असतो. हाका मारतो, पण दार उघडत नाही. त्या बाईचे मला पटले नाही. म्हणून मागच्या दाराची कडी मी सुताराकडून काढून घेतली आहे. थोरलीने ती परत बसवू नये. चोरांची भीती नको, दादाच्या आईकडे कोण येतो चोरी करायला! धाकटा रीळ पाहो न पाहो, या कलमाला अट नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, सकाळी दहा
सही: धाकट्याची व थोरलीची आई

साक्षीदार:
१. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई. आजींनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहेत, माझ्याहून जास्त.
२. थिएटरचा डोअरकीपर. वाचले. मशीनला तेल घातले आहे.