आफ्रिकेची भूक आणि माझं लग्न

आसगाव, १७ एप्रिल २०२५

आदरणीय पंचफुला मावशी,

सप्रेम जय भीम. नवीन तेलाने तुझ्या गुडघ्याला फरक पडला असेल, अशी आशा आहे (तेलावर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे). इकडे सगळे ठीक. रिता वहिनीला सातवा महिना लागला. विनोददादा राइस मिलचा ट्रक चालवतो, हे तुला माहीत आहे. सरकारने तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, ट्रक उभा राहिला, आणि दोघांनी ठरवलं की दुसरं लेकरू बंदी उठल्यावर. बंदी सप्टेंबरच्या शेवटी उठली. पुढचं गणित तुला येतं.

माझंही त्याच बंदीत अडकलं होतं. मी त्याच मिलच्या प्रयोगशाळेत दाणे तपासते. दोन पाळ्यांची एक झाली त्याच आठवड्यात आईने पहिलं स्थळ आणलं, तेव्हा मी म्हटलं, बंदी उठेपर्यंत लग्न नाही. वाक्य विचार करून बोलले होते. त्याच्या परिणामांचा अंदाज मात्र चुकला. पेपरात फक्त निधनवार्ता वाचणारे बाबा बाजारभावाचं पान वाचू लागले. आई रोज संध्याकाळी त्यांना विचारायची, “काहो, त्या आफ्रिकेवाल्यायले भूक कधी लागन?” (भूक त्यांना होतीच, बंदी आपली होती. मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं.)

सप्टेंबरमध्ये मी सांगितलं की उठली ती अख्ख्या तांदळाची; तुकड्याची, म्हणजे कणीची, बंदी बाकी आहे. हे खरं होतं आणि त्यावर सहा महिने निघाले. मार्चमध्ये तीही उठली. दादाला कळावं म्हणून मी घरच्या ग्रुपवर ‘तुकड्याची बंदी उठली’ एवढंच टाकलं. वहिनीने टाळ्यांची चित्रं पाठवली आणि आईने पवनीच्या स्थळाला फोन लावला.

गेल्या रविवारी पवनीचे केशवराव मुलाला घेऊन आले, सोबत स्वतःच्या शेतातला पाच किलो तांदूळ. त्यातला मूठभर ताटात पसरून मी कणी वेगळी करत बसले (हाताला सवय आहे). आईने विचारलं, “कसा वाटला?” मी म्हटलं, ओलावा जास्त आहे, जरा दाब पडला की तुटेल. मुलाचा चेहरा पाहिल्यावर प्रश्न कोणाबद्दल होता ते कळलं. केशवराव मात्र मांडीवर थाप मारून म्हणाले, “खरं बोलते पोरगी! मीबी त्याले हेच सांगून राहिलो. आपल्याले पसंत!” येत्या रविवारी ते तारीख पक्की करायला येत आहेत.

बाकी काळजीचं काही नाही. मिल पुन्हा दोन पाळ्यांत चालते आणि झोप चांगली लागते.

तुझी,
प्रतिक्षा

ता. क. १ : मी खोटं बोलले नाही. बंदी उठल्यावर करीन म्हटलं होतं. कोणाशी, ते कोणी विचारलं नाही. जागेश्वर आमच्या मिलमध्ये काळे दाणे वेगळे करणारं यंत्र चालवतो. बंदीत त्याचं काम सुटलं होतं. मार्चपासून तो कायम झाला.

ता. क. २ : तो आपल्या समाजाचा नाही. बाबा समजून घेतील. आई फक्त तुझं ऐकते. म्हणून शनिवारी ये. हे फोनवर सांगता येत नाही, आई शेजारी बसून भाजी निवडते.

ता. क. ३ : पाकिटावर तिकीट नाही, हे तू पाहिलंच असशील. दारात उभा आहे तोच जागेश्वर. त्याला आत बोलाव, चहा दे. सुपात तांदूळ असतील तर आधी झाकून ठेव. तोही निवडायला बसेल.